चिंध्यांचं सासर

करणी करायला अक्कल लागती, सवड लागती आन् अमावस्या लागती. माझ्याकडं ह्यातलं काहीच नव्हतं. माझ्याकडं व्हतं एक शिलाई मशीन, चिंध्यांचं गाठोडं आन् भाचीचं तोंडावर आलेलं लग्न. तरी बी इंदापुरात बोभाटा झाला की काटेवाडीची लीलाबाई विहिणीवर करणी करती. आता तुमीच ऐका आन् तुमीच ठरवा.

मी काटेवाडीत थोरल्या भावाकडं, अप्पाकडं राहते. नवरा लग्नानंतर लवकरच गेला. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून हात झटकले, तवा अप्पा येऊन मला घेऊन गेला. ओसरीवर मशीन टाकलं आन् गावातल्या बायकांचं ब्लाउज शिवायला लागले. अप्पाची बायको, आमची रतनवहिनी, मळ्यात वांगी-टोमॅटो तोडायला जायची आन् तिची वृषाली माझ्या मशीनखाली चिंध्यांत खेळायची. पोरगी माझ्याच मांडीवर वाढली म्हणा ना. त्यामुळं तिच्या लग्नाचं रुखवत मी करणार, हे कुणी न सांगता ठरलेलं व्हतं.

न्हायतर लग्नात मला काम काय असणार? हळद लावायला सवाष्ण पायजे, ओटी भरायला सवाष्ण पायजे, नवरीच्या मागं उभं राहायला बी सवाष्णच पायजे. माझ्यासारखीनं आचाऱ्यापाशी बसून भाताच्या पातेल्यावर नजर ठेवायची. तोंडावर कुणी बोलत न्हाय. "लीलाबाई, तुमच्याशिवाय सैपाकाचं कोण बघणार?" असं गोडीगुलाबीनं मागं सारत्यात. मी काय खुळी न्हाय, मला समदं कळतंय. पण रुखवताला विधवेचा हात चालतो. बाहुलीला कोण इचारतंय, तुला शिवणारीच्या कपाळाला कुंकू हाय का न्हाय म्हणून?

रुखवत म्हंजे नवरीकडच्या बायकांनी हातानं केलेल्या वस्तू आन् फराळ टेबलावर मांडायचा, आन् नवऱ्याकडच्या बायकांनी नाकं मुरडत बघायचा. वहिनीच्या भाचीच्या लग्नात, कोऱ्हाळ्याला, थर्माकोलचा बंगला केला व्हता. आत बल्ब पेटायचा. तवापासून वहिनीच्या डोक्यात तो बल्ब पेटलेलाच व्हता.

"वन्सं, आपण बी बंगलाच करू. दोन मजली."

"बंगला बघून बाया घटकाभर थांबत्यात आन् जेवायला पळत्यात," मी म्हणलं. "मी असलं करते की नवऱ्याकडचं एक माणूस टेबलापासनं हलायचं न्हाय."

"असलं काय?"

"अख्खं सासरच मांडते. नवरदेव, सासू, चुलता, चुलती, समद्यांच्या बाहुल्या. माणसाला सोताला बघायला मिळालं की ते कुठं जात न्हाय."

वहिनीनं नाक मुरडलं, पण वृषाली हसली. लई दिवसांनी हसली. पोरीनं धसका घेतला व्हता सासूचा. नाव साखरबाई, पण आवाज उसाच्या चरकाचा. पोरगी बघायला आल्या तवा त्यांनी "पाणी आण" म्हणलं आन् शेजारच्या मळ्यातल्या गड्यानं बी हातातलं खोरं खाली ठेवलं. मी वृषालीला म्हणलं, "तुला चिंध्यांची सासू करून देते. आधी तिच्याशी बोलायची सवय कर. मग खरीशी बोल."

आता बाहुली करायची तर कापड त्याच माणसाचं पायजे. गावाकडं कोण कुणाला तोंडावरनं वळखतंय? लांबनं बांधावर कोण चाललंय ते लुगड्यावरनं, सदऱ्यावरनं कळतं. नवं कापड घेऊन साखरबाई केली तर ती दुकानातली बाई झाली असती. म्हणून मी नवरदेवाच्या चुलतीला, सारजाला, गाठलं. सारजाचं माहेर पणदरं. इंदापुरातनं माहेरी जायची तर यष्टी आमच्या गावावरनंच जाती. बाई मोठी हौशी. कुठल्या बी गोष्टीत हात घालायची आन् मग पदरात तोंड घालून हसत बसायची.

"सारजाबाई, घरातल्या समद्यांचं एकेक जुनं कापड आणून द्या. पण गुपचूप हां. साखरबाईंना कळता कामा नये."

त्या एका 'गुपचूप'नं माझा घात केला.

सारजा गाठोडं घेऊन आली. नवरदेवाची, म्हंजे संदेशची, शाळेतली खाकी चड्डी. चुलत्याचा चौकड्याचा शर्ट. तिची सोताची फुलाफुलांची साडी. खाली एक निळ्या रेघांचा सदरा, आन् त्याच्या खाली हिरवं लुगडं.

"हा सदरा कुणाचा?"

"थोरल्या दिरांचा. संदेशच्या वडलांचा. त्येंना जाऊन लई वर्सं झाली."

"आन् हे हिरवं?"

"आक्कांचंच की. साखरबाईंचं. आता कुठं हिरवं नेसायच्यात त्या? ट्रंकेत तळाला पडलं व्हतं. बगा की, कसर लागून चाळण झालीय."

मी लुगडं उजेडात धरलं. खरंच चाळण झाली व्हती. त्याच्या पदरात आता भाजीपाला बी राहिला नसता. मी कात्री लावली. मनात काही आलं न्हाय, खोटं कशाला बोलू? आमच्याकडं जुनेराचं काय व्हतं? गोधडी व्हती, लंगोट व्हतं, पायपुसणं व्हतं, न्हायतर बोहारीण भांडं देऊन घेऊन जाती. बाहुलीच्या अंगावर गेलं तर त्याचं नशीब म्हणायचं.

बाहुल्या झ्याक झाल्या, ते मीच सांगते, दुसरं कोण सांगणार? आत तार, वरनं गोधडीचा कापूस, त्यावर पांढऱ्या कापडाची कातडी. संदेशला खाकी चड्डीची फुलपँट केली. सारजाच्या बाहुलीचं तोंड हसरं केलं, ते शिवताना मलाच हसू आलं. केसांना लोकर लावली तर माकड दिसतं, म्हणून गुंतवळ वापरलं. आमी बायका विंचरताना गळालेलं केस भिंतीच्या फटीत खोचून ठेवतो, सुया-पिना देणारी आली की तिला द्यायला. तेच वहिनीचं आन् माझं गुंतवळ साखरबाईंच्या डोक्याला चिकटवलं. अंबाडा असा बसला की विचारू नका.

पण ती बाहुली बसंना. समद्या बाहुल्या पाटावर गुमान बसल्या, साखरबाई तेवढ्या आडव्या. गुडघ्यात तार जाड पडली व्हती. खाली बसवलं की पाय वर, पाय दाबलं की डोकं मागं. शेवटी गुडघ्यात एक लांब टाचणी घुसवली, तवा बाई बसल्या. काष्टा सुटत व्हता म्हणून कंबरंला टाचणी. पदर घसरत व्हता म्हणून खांद्यात टाचणी. शिवण पक्की झाली की काढणारच व्हते.

तिकडं इंदापुरात काय झालं ते मला सारजानं मागनं सांगितलं. साखरबाईंनी आहेराचं बघायला ट्रंक उघडली, तर सदरा न्हाय आन् लुगडं न्हाय. त्यांचा पहिला संशय बोहारणीवर. बोहारीण गल्लीच्या टोकाला दिसली, तर ह्या तिच्या मागं धावल्या. भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन बोहारीण पुढं, साखरबाई मागं, आन् गल्लीतली कुत्री दोघींच्या मागं. तिच्या गाठोड्यात काही घावलं न्हाय. पण येवढ्या धावण्यानं साखरबाईंचा गुडघा धरला. घरी येऊन कण्हायला लागल्या. मग सारजाला राहवलं न्हाय. "आक्का, त्या बिचारीला बोलू नका. कापडं मीच दिली. काटेवाडीच्या लीलाबाईंनी गुपचूप मागितली."

"कशाला?"

"बाहुल्या करायला."

झालं! जुनी कापडं, ती बी गुपचूप, ती बी विधवेनं मागितलेली, त्यात एक मेलेल्या माणसाचं, आन् त्याच्या बाहुल्या. वर गुडघा धरलेला. ह्याच्यावर कुठल्या शाण्या बाईला दुसरं काही सुचंल, सांगा? साखरबाईंच्या जागी मी असते तर मी बी तेच म्हणले असते.

दुसऱ्याच दिवशी दुपारी आमच्या अंगणात तिघं उभी. पुढं साखरबाई, लंगडत. मागं सारजा, डोळे पुसत. आन् त्यांच्या मागं सावळाराम देवऋषी, काखेत पिशवी, पिशवीतनं नारळाची शेंडी बाहेर आलेली. हा सावळाराम बाजारात कुलपं दुरुस्त करायचा आन् अमावस्या-पुनवेला भूतं उतरवायचा. आमी त्याला वळखत नव्हतो, पण किल्ल्यांचा जुडगा कंबरंला वाजत व्हता, त्यावरनं मला वाटलं बँकेचा माणूस आला.

आन् मी कशी बसले व्हते? ओसरीवर, मांडीत साखरबाई, तोंडात टाचण्या.

"धरली!" साखरबाई कडाडल्या. "रंगेहाथ धरली! बगा सावळारामतात्या, बगा. माझंच लुगडं. माझाच गुडघा. हितंच टाचणी, हितंच माझा गुडघा धरलाय!"

तोंडात टाचण्या असल्यावर माणूस काय बोलणार? मी "अं अं" केलं. सावळाराम दोन पावलं मागं सरला. त्याला वाटलं, मंतर पुटपुटते.

अप्पा टोमॅटोची पाटी घेऊन आला तो तसाच उभा राहिला. वहिनी आतनं धावत आली. साखरबाईंनी समद्यांसमोर सांगून टाकलं, "हे लग्न मोडलं. जिथं विहिणीच्या गुडघ्यात टाचण्या घालत्यात त्या घरची पोरगी मला नको."

दाराच्या आड वृषाली उभी व्हती. तिचं तोंड पांढरं फटक पडलं. लग्न मोडलं तर पोरीला दुसरीकडनं कोण इचारणार? करणीवाल्या घरची म्हणून बारामती-इंदापूर दोन्ही तालुक्यांत नाव निघालं असतं. त्यात आमची वहिनी काय बोलावी?

"तरी मी म्हणत व्हते, शुभकार्याला ह्यांचा हात नको!"

करणीवाली म्हणलं त्याचं मला काही वाटलं नव्हतं. ह्याचं मात्र वाटलं. ज्या पोरीचं लंगोट मी धुतलं, तिच्या कार्याला माझा हात नको? मी तोंडातल्या टाचण्या काढल्या आन् उठलेच.

"ऐका विहीणबाई. मला येवढी विद्या येत असती तर मी दुसऱ्यांचं ब्लाउज शिवत बसले असते व्हय? आन् करणीच करायची तर पहिली इंदापूरला कशाला पाठवू? पहिली ह्या रतनवहिनीचं तोंड शिवलं असतं!"

वहिनीनं तोंडावर हात ठेवला. अप्पा दुसरीकडं बघायला लागला. तो हसत व्हता, मी त्याच्या पाठीवरनं वळखते.

"हे रुखवत हाय," मी म्हणलं. "ही बगा सारजाबाई. हा तुमचा संदेश. हा दीर. तुमी बसत नव्हता म्हणून टाचणी घातली."

"मी बसत नव्हते?"

"बाहुली! बाहुली बसत नव्हती."

सावळारामानं लांबनंच मान वाकडी करून बघितलं. "केस कुणाचं हायत हे?"

"आमचंच. गुंतवळ."

"गुंतवळ!" असं म्हणून तो अंगणाच्या पार कडंला गेला. तिथनंच म्हणाला, "साखरबाई, हे मोठं काम हाय. हे माझ्या हातचं न्हाय. जिनं घातलीय तिलाच काढायला सांगा."

"काढ," साखरबाई म्हणल्या. "काढ माझ्या गुडघ्यातली टाचणी. समद्यांदेखत."

काढली. न काढून सांगते कुणाला? टाचणी निघाली तशी तार सुटली, बाहुलीचा पाय उडाला आन् बाई ओसरीवरनं थेट खाली. "अगं पडली, पडली!" म्हणत साखरबाई सोताच तिला धरायला वाकल्या. खटकन् वाकल्या. गुडघा असा कडाडला की चुलीजवळच्या मांजरानं कान टवकारलं.

साखरबाई वाकलेल्याच. मग हळूच सरळ झाल्या. एक पाय उचलला, टेकवला. परत उचलला. अंगणात चार पावलं चालून बघितली.

"मोकळा झाला," त्या म्हणल्या. आवाज एकदम बारीक.

आन् मग समद्यांनी माझ्याकडं बघितलं. अप्पानं सुद्धा. माझी पंचाईत बगा, गुण आला न्हाय तरी मी करणीवाली, आन् गुण आला तरी मीच करणीवाली! मी म्हणलं, आता संपलं. आता ही बाई माघारी जाती आन् लग्न तर मोडतंच, वर मला गाव सोडायला लागतंय. वृषाली दारात उभी राहून मुसमुसून रडत व्हती.

साखरबाई ओसरीच्या कडंला बसल्या. हातात सोताचीच बाहुली. तिची धूळ झटकता झटकता त्यांची नजर पाटावर गेली. मघापासनं रागाच्या भरात त्यांनी सारजा, संदेश, दीर येवढंच बघितलं व्हतं. कडंला एक बाहुला व्हता, निळ्या रेघांच्या सदऱ्याचा.

"हे कोण?"

सारजा पुटपुटली, "थोरलं भाऊजी, आक्का."

साखरबाईंनी बाहुला उचलला नुसता. सदऱ्याच्या रेघांवरनं बोट फिरवलं. मला वाटलं आता फेकून मारत्यात. पण त्यांनी बाहुल्याचा गुडघा चाचपला.

"ह्येंना टाचणी न्हाय एक बी?"

"न्हाय. ते सरळ बसले."

"सरळ? हे?" साखरबाई म्हणल्या. "जितेपणी एका जागी सरळ बसलं न्हायत कधी. जेवताना सुदीक एक पाय उंबऱ्याबाहेर. आन् ही टोपी कसली घातलीय? माळकऱ्यासारखी सरळ. ह्येंची टोपी तिरकी असायची, उजव्या डोळ्यावर." त्यांनी टोपी तिरकी केली. पहिलं बटण उघडलं. लांब धरून बघितलं. "आता जरा आलं."

मग सोताची बाहुली त्याच्या शेजारी धरली.

"आन् मला हिरवं का नेसवलंस?"

"गाठोड्यात तेच आलं."

"ह्या लुगड्यात मी ह्या घरात आले," साखरबाई म्हणल्या. सारजानं कपाळावर हात मारून घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मघाशी म्हणलं ना, कात्री लावताना काही वाटलं नव्हतं. आता वाटलं.

"आन् हे कुंकू?"

बाहुलीच्या कपाळावर मी लाल दोऱ्याची गाठ मारली व्हती. मी खरं तेच सांगितलं. "पहिलं नव्हतं लावलं. पण मग मालकांना शेजारी बसवलं. नवरा शेजारी बसलाय आन् कपाळ मोकळं, हे मला बघवंना. म्हणून लावलं. तुमाला नको असंल तर आत्ता उसवते."

मी कात्री उचलली. साखरबाईंनी माझं मनगट धरलं. पकड अशी की कात्री पडली.

"हात लाव, मग बघते."

अंगणाच्या कडंनं सावळाराम म्हणाला, "बाई, उतारा तरी काढावाच लागंल, मी नारळ..."

"ये, गप रे! तुझा नारळ ठेव हितं, ओटीला व्हईल." साखरबाईंनी पदरानं नाक पुसलं आन् चरकाचा आवाज परत आला. "रतनबाई, चहा ठेवा. आन् ती पोरगी कशाला रडती दारात? माझ्या घरी असलं मुळूमुळू चालायचं न्हाय, सांगून ठेवते. लग्न ठरल्या दिवशीच व्हईल."

वृषाली आतच पळाली. पातेली आपटल्याचा आवाज आला, त्यावरनं कळलं, चहा तीच ठेवती.

चहा पिऊन निघताना साखरबाई मला म्हणल्या, "दोघांना एकाच पाटावर मांडायचं. लांब लांब मांडलंस तर खरंच करणी करीन तुझ्यावर." आन् सावळाराम मागं रेंगाळला. समदी फाटकापाशी गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "लीलाबाई, माझ्या मेव्हण्याचा एक सदरा घरी पडून हाय. आणून देऊ का?"

लग्न आमच्याच दारात झालं. मांडवाच्या तोंडाशी रुखवत, आन् मी म्हणलं व्हतं तेच झालं, नवऱ्याकडचं एक माणूस टेबलापासनं हलंना. संदेशचा चुलता सोताच्या बाहुल्यापुढं उभा राहून पोट आत घेत व्हता. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत व्हती, "आमच्या वन्संनी केलंय, मीच सुचवलं." सांगू दे. मला ते बघायला सवड नव्हती. मी मागं, आचाऱ्यापाशी, भाताच्या पातेल्याजवळ. लाऊडस्पीकरवर भटजींनी घसा साफ केलेला ऐकू आला. आता अंतरपाट धरतील. मी हातात झारा घेऊन उगाच भात हलवायला लागले. डोळ्यात वाफ जात व्हती.

येवढ्यात सारजा धावत आली. "लीलाबाई, चला, आक्का बोलावत्यात! रुखवतापाशी तंटा झालाय!"

मी तशीच झारा घेऊन पळाले. टेबलापाशी बायकांचा गराडा. मधी साखरबाई, आन् त्यांच्यासमोर त्यांची थोरली नणंद भागुबाई, हातवारे करत. "विधवा बाईनं सोताची कुंकवाची बाहुली मांडून घ्यायची? चार लोकांत? लाज न्हाय वाटत? उचला ती आधी."

"मी मांडली न्हाय," साखरबाई थंडपणं म्हणल्या. "हिनं मांडली. ही आली बगा. हिलाच उचलायला सांगा. पण वन्सं, जरा जपून सांगा. माझ्या गुडघ्याचं ऐकलं असंलच तुमी?"

भागुबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या झाऱ्याकडं बघितलं.

"तुमचं बी जुनं पातळ हाय हिच्याकडं," साखरबाई म्हणल्या. "मीच दिलंय."

ते साफ खोटं व्हतं. पण भागुबाईंचा हात आपसूक सोताच्या गुडघ्यावर गेला, आन् त्या दोन पावलं मागं सरल्या. त्यांच्या मागच्या बाया चार पावलं सरल्या.

"चल," साखरबाई मला म्हणल्या.

"कुठं?"

"पुढं. अंतरपाट धरलाय."

"विहीणबाई, आपल्याला कुठं पुढं..." मी मागं सरले. संदेशच्या शेजारी पाटावर चुलता-चुलती बसणार, हे ठरलेलं व्हतं. सोताच्या पोराच्या लग्नात साखरबाईंनी बी मांडवाच्या मागच्या खांबाला टेकूनच बघायचं व्हतं. ते माझ्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. मला वाटायचं, मागं फक्त मीच असते.

"कोण अडवतंय ते बघू की," साखरबाईंनी माझं मनगट धरलं, तसंच, त्या दिवशीसारखं घट्ट. आन् निघाल्या मांडवातनं. काय सांगू, बाया अशा बाजूला झाल्या! कुणी पदर सावरून, कुणी पोरं पोटाशी धरून. आमच्या वहिनीनं तर नवरीच्या मागची जागा सोताहून रिकामी केली. येवढी वर्सं गोड बोलून मला मागं सारणाऱ्या समद्या बाया, आन् त्या दिवशी एकीची हिंमत झाली न्हाय 'लीलाबाई, सैपाकाचं बघा' म्हणायची.

साखरबाई माझ्या कानाशी लागल्या. "लोकांनी भ्यालेलं बरं, बाई. लाजून काय मिळालं आपल्याला?"

मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली आला. वृषालीनं मान वळवून मागं बघितलं. तिच्या पाठीशी आमी दोघी. तिनं आधी सासूकडं बघितलं, मग माझ्याकडं, आन् मुंडावळ्यांच्या आतनं ती अशी हसली की मी अक्षता घ्यायचं विसरलेच. हातात झारा तेवढा व्हता. त्याला चिकटलेली शितं काढली आन् तीच टाकली पोरीच्या डोक्यावर. शेवटी तांदूळच की.

साखरबाईंनी ते बघितलं. "शिजलेल्या हायत," त्या म्हणल्या. "लवकर गुण येईल."

आन् मग मी रडले. मांडवात, समद्यांदेखत, पुढं उभी राहून.